तीन बोटांचा सॅल्यूट

दाबके सर बदलून मंडणगडला गेले
आणि लोखंडी पेटीची किल्ली माझ्याकडे आली.
तसं मला कुणी विचारलं नव्हतं.
शमीमबाई सारंग, गाइडच्या कॅप्टन,
बर्फाच्या कारखान्यात आल्या होत्या
भाचीच्या लग्नासाठी दोन लाद्या सांगायला;
पावतीच्या मागेच लिहून घेतलं त्यांनी :
हरेश्वर चोगले, वय एकेचाळीस,
स्काउट मास्तर (तात्पुरता).
चार वर्षं झाली.
तो कंस अजून कुणी खोडलेला नाही.

पेटीत निघालं ते असं :
अकरा स्कार्फ,
वाळवीनं माझ्याआधी वाचलेलं नियमपुस्तक,
मागच्या शिबिराच्या खिचडीचा वास धरून बसलेला तंबू,
आणि एक शिट्टी, आतला दाणा हरवलेली.
फुंकली की नुसता वारा.

हर्णैच्या बंदरावर शनिवारी, लिलावाला तोंड फुटायच्या आत,
सोळा पोरं वाळूत उभी करायची.
पाजपंढरीची सात, मोहल्ल्यातली पाच,
बाकीची बाजारपेठेतली, ज्यांना पोहायला येत नाही.
गाठी शिकवताना पुस्तक मीच मिटलं.
‘क्लोव्ह हिच’ म्हणालो तर ओवेस मुकादम हसला :
त्याचा बाप ही गाठ रोज मारतो,
तिला काही नाव असतं हे त्याला माहीतच नाही.
मग ओवेसनं शिकवली. मी पोरांत बसलो.

पण सॅल्यूट मलाच शिकवायचा होता.
माझं उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट
ट्रॉलरच्या विंचनं नेलं,
नारळी पौर्णिमेनंतरच्या तिसऱ्या फेरीला.
अंगठा करंगळीवर टेकवून हात कपाळाला नेला
की माझी दोनच बोटं उभी राहतात.
पहिल्या शनिवारी मी करून दाखवला
आणि सोळाच्या सोळा पोरांनी
तिसरं बोट निमूट आत मुडपलं.
चेष्टा नव्हती. त्यांना वाटलं, असाच असतो.

पुढच्या शनिवारी डाव्या हाताची बोटं वर धरून सांगितलं :
पहिलं देवाचं नि देशाचं,
दुसरं दुसऱ्याच्या मदतीचं,
तिसरं नियम पाळायचं.
सगळ्यात धाकटा विराज पावसे, चड्डी सावरत :
“म्हणजे सर, तुम्ही नियम नाही पाळलात तरी चालतं?”

आंजर्ल्याच्या शिबिरात रात्री डोकी मोजत होतो.
बोटीवर तांडेल मोजायचा आम्हाला,
टॉर्च तोंडावर मारून, शिवी देऊन.
तेव्हा राग यायचा. आपण काय बांगडे आहोत?
आता मी शिवी गिळतो आणि पुन्हा मोजतो :
पंधरा.
पुन्हा : पंधरा.
पोटात विंच फिरायला लागली.

खाडीच्या तोंडाशी, सुरूच्या शेवटच्या झाडाखाली
गुडघ्यांत हनुवटी खुपसून बसलेला विराज.
“तो तिसरा दिवा बाबांचा,” म्हणाला,
“थोडा हिरवट आहे बघा.”
मला सगळे सारखेच दिसत होते.
ओरडायचं होतं, ते तसंच घशात राहिलं.
दिवा खडकाआड जाईपर्यंत बसलो दोघं.
परत येऊन मोजलं. सोळा.
झोप मात्र आली नाही.

जानेवारीत रत्नागिरीहून साहेब आले तपासणीला.
त्यांच्या छापील कागदावर एक रकाना : मानधन.
त्यात शमीमबाईंनी सुरेख अक्षरात लिहिलं : निरंक.
आणि माझ्याकडे बघून हसल्या;
त्यांच्या स्वतःच्या रकान्यातही तेच होतं,
एकोणीस वर्षांपासूनचं.

रांग सरळ. स्कार्फ धुतलेले.
पंधरा हात कपाळाला, तीन-तीन बोटं, नेमकी.
आणि टोकाला विराजची दोन.
साहेबांनी चष्मा वर केला, आधी त्याच्याकडे पाहिलं,
मग माझ्या हाताकडे,
मग कागदावर काही लिहायला लागले, थांबले.

मी शिट्टी फुंकली.
नुसता वारा.
पोरं तरी पांगली,
लिलावाकडे, आपापल्या आयांकडे धावत.